‘बाबा तर उन्हात गेलेच नव्हते!’ : घरात होणाऱ्या उष्माघाताचा इतिहास

एप्रिल निम्मा सरला की माझ्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येतं. "डॉक्टर, आम्ही काही उन्हात जात नाही. घरातच असतो. आम्हाला काय होणार?"

वाचकहो, मीही अनेक वर्षं असंच समजत होतो. उष्माघात म्हणजे शेतमजूर, रस्त्याच्या कामावरची माणसं, भर दुपारी लग्नाच्या वरातीत नाचणारी पोरं. घरात बसलेला माणूस सुरक्षित. हा समज माझ्या मनातून कसा गेला ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती.

विदर्भात प्रॅक्टिस सुरू करून मला काही वर्षं झाली होती. लोडशेडिंगचे दिवस होते. मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्याहून एका मुलाचा फोन आला. त्याचे वडील माझे जुने पेशंट, वय सत्तरीच्या पुढे, बीपीच्या गोळ्या चालू, घरात एकटे. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबांशी आत्ता बोललो. काहीतरी असंबद्ध बोलतायत. शेजारच्या काकूंनी थर्मामीटर लावला, १०३ ताप आहे." मी म्हटलं, "व्हायरल असेल. पॅरासिटामॉल द्या, झोपू द्या, संध्याकाळी घेऊन या." संध्याकाळी काकांना आणलं तेव्हा ते बेशुद्ध होते. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर टिनाचं छप्पर, दुपारभर लाइट नाही, चोरांच्या भीतीने खिडक्या लावलेल्या. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मुलगा आला तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण बाबा तर उन्हात गेलेच नव्हते!"

त्याला तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की या प्रश्नाचं उत्तर गेल्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात तुकड्यातुकड्याने लिहिलेलं आहे. ते आज तुम्हाला सांगतो.

१७७४ : तापलेल्या खोलीतले डॉक्टर

सुरुवात लंडनमध्ये होते. १७७४ च्या जानेवारीत डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या मुद्दाम तापवल्या आणि आपल्या मित्रांना आत बोलावलं. त्यांत डॉ. चार्ल्स ब्लॅग्डन होते, प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स होते. पुढच्या प्रयोगांत खोलीतली हवा त्यांनी जवळजवळ १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेली. म्हणजे पाणी उकळतं त्याहूनही गरम! ब्लॅग्डन अशा हवेत काही मिनिटं उभे राहिले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र वीसेक मिनिटांत टणक झाली आणि मांसाचा तुकडा भाजून निघाला.

माणूस का भाजला नाही? घामामुळे. घाम वाळताना अंगातली उष्णता सोबत घेऊन जातो. मातीचा माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तेच हे तत्त्व. हवा अगदी कोरडी होती, घाम भराभर वाळत होता, आणि मुक्काम काही मिनिटांचाच होता.

या प्रयोगातला एक बारकावा आजच्या घरांसाठी फार मोलाचा आहे. मांसाच्या तुकड्यावर भात्याने गरम हवा मारली तेव्हा तो आणखी लवकर, १३ मिनिटांत शिजला. गरम हवा जोरात अंगावर आली की उष्णता आत शिरण्याचा वेग वाढतो. जिवंत माणसाला घाम वाचवतो, मांसाच्या तुकड्याला घाम येत नाही.

आता विचार करा. खोलीत ४३ अंश आहेत, पंखा पाचवर आहे, आणि खाली पलंगावर ऐंशी वर्षांच्या आजी आहेत. म्हातारपणी घामाच्या ग्रंथी कमी काम करतात, तहानही नीट लागत नाही. त्वचा कोरडी असेल तर पंखा त्यांच्यावर त्या भात्यासारखी गरम हवा मारत असतो. त्याच आजींच्या अंगावर ओला पंचा ठेवा, हातपाय ओले करा. आता तोच पंखा त्यांना गार करील. म्हणून मी पेशंटना सांगतो, खोली चाळिशीच्या वर तापली असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. आधी अंग ओलं करा.

१८९६ : न्यूयॉर्कच्या चाळी

ऑगस्ट १८९६. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा दिवस उष्णतेची लाट होती. पारा आपल्या हिशेबाने फार नव्हता, साधारण ३२ ते ३५ अंश. पण हवा दमट होती आणि रात्रीही गारवा येत नव्हता. गरीब मजुरांची कुटुंबं कोंदट, विटांच्या उंच चाळींमध्ये दाटीवाटीने राहत होती. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता बाहेर टाकत होत्या. लोक झोपायला गच्चीवर गेले, खिडक्यांच्या कठड्यांवर गेले, आणि त्यांतले काही झोपेत खाली पडून मेले. एकूण मृत्यूंचा अंदाज १३०० ते १५०० असा दिला जातो.

तेव्हा शहराच्या पोलीस मंडळाचे प्रमुख होते थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी पोलीस चौक्यांमार्फत गरिबांना फुकट बर्फ वाटण्याची व्यवस्था केली. सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या कामगारांच्या वेळा उन्हाबाहेर हलवल्या आणि रस्ते पाण्याने धुऊन गार केले. आजच्या भाषेत सांगायचं तर हा एक छोटासा ‘हीट ॲक्शन प्लॅन’च होता, फक्त ते नाव तेव्हा नव्हतं.

यातून शिकायचं ते असं की रात्र महत्त्वाची आहे. दिवसा तापलेलं शरीर रात्री गार होऊन हिशेब चुकता करतं. रात्र गरम गेली की उसनवारी दुसऱ्या दिवशी पुढे जाते. त्यामुळे लाटेच्या पहिल्या दिवशी तग धरलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळतो. "काल तर बरे होते" असं नातेवाईक सांगतात ते यामुळेच.

१९०५ : खाणीतला ओला पारा

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खोल खाणींमध्ये मजूर उष्णतेने हैराण होत. तिथे डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्वतःवर प्रयोग केले. (यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हे मोठे शास्त्रज्ञ. ते पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) हॉल्डेन यांना दिसलं की नुसता पारा पाहून काही कळत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून जो आकडा येतो, तो माणसाचं भवितव्य सांगतो. त्याला ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात. स्थिर हवेत हा ओला पारा ३१ अंशांच्या वर गेला, तर कमरेवरचे कपडे काढून स्वस्थ बसलेल्या माणसाचंही शरीर तापत जातं, असा त्यांचा १९०५ मधला निष्कर्ष होता.

आपल्याकडे याचा अर्थ काय? अकोल्यात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला पारा सुमारे २४ येतो. मुंबईत किंवा कोकणात ३६ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तो ३१ च्या आसपास जातो. म्हणून "तुमच्या विदर्भासारखं आमच्याकडे कुठे ऊन?" असं म्हणणाऱ्या मुंबईकरांनी सावध असावं. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

कूलरचंही असंच आहे. कोरड्या हवेत कूलर उत्तम. पण खोली बंद करून कूलर लावला की ओल साठत जाते आणि थोड्या वेळाने त्याचा उपयोग संपतो. समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवेत कूलरने फारसं साधत नाही.

१९९५ : शिकागोची बंद दारं

माझ्या काकांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त दिसली ती शिकागोमध्ये.

जुलै १९९५. १३ तारखेला पारा ४१ अंशांवर गेला आणि हवा दमट होती. एअर कंडिशनर एकदम सुरू झाल्यामुळे हजारो घरांची वीज गेली. त्या आठवड्यात शहरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. शवागारात जागा उरली नाही, मृतदेह ठेवायला शीतगृहाचे ट्रक आणावे लागले. मृत्यूंचे आकडे फुगवले जात आहेत की काय, यावरही महापौरांनी जाहीर शंका घेतली. शवतपासणी विभागाचे प्रमुख डॉ. एडमंड डोनोह्यू आपल्या आकड्यांवर ठाम राहिले, आणि पुढच्या तपासण्यांत त्यांचंच खरं निघालं.

हे लोक मेले कुठे? बहुतेक आपल्याच घरात. अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनी घरोघरी जाऊन मृतांची आणि वाचलेल्यांची तुलना केली. अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, रोज घराबाहेर न पडणारे आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका जास्त होता. घरात चालू एसी असणं तर उपयोगी ठरलंच, पण येणारं-जाणारं माणूस असणं, कुठेतरी जायला वाहन मिळणं, यांनीही जीव वाचले.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी नंतर या घटनेवर पुस्तक लिहिलं. त्यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे म्हातारे, हवामान तर एकच. तरी पहिल्या वस्तीत मृत्यूंचं प्रमाण दुसरीच्या सुमारे दसपट होतं. फरक रस्त्यावर होता. साउथ लॉनडेलमध्ये दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं भाजी आणायला बाहेर पडत होती, गार दुकानात घटकाभर बसत होती. नॉर्थ लॉनडेल ओस पडलं होतं. गुन्हेगारीच्या भीतीने म्हाताऱ्यांनी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या, आणि त्या दारांवर थाप मारायला कोणी आलं नाही.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. चोरांच्या भीतीने लावलेल्या खिडक्या मी आमच्या गावात पाहिल्या होत्या.

१९९९ मध्ये शिकागोत पुन्हा लाट आली. या वेळी पालिकेने एकट्या वृद्धांना फोन केले, पोलीस घरोघरी पाठवले, गार ठिकाणी जायला बसची सोय केली. मृत्यू झाले, पण सुमारे ११०.

२००३ : पॅरिसची पोटमाळ्याची खोली

ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्सवर लाट आली आणि तीन आठवड्यांच्या आत सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. हा श्रीमंत देश. दवाखाने उत्तम. पण ऑगस्ट म्हणजे तिथला सुट्टीचा महिना. मुलं, शेजारी, डॉक्टर, बरेच जण गावाला गेलेले. पॅरिसच्या जुन्या इमारतींना जस्ताच्या पत्र्याची छपरं असतात आणि त्याखाली पूर्वी नोकरांसाठी बांधलेल्या छोट्या खोल्या असतात. त्यांत एकटी म्हातारी माणसं राहत होती. छपराखालच्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका वाढतो, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं. अंगावर कमी कपडे ठेवणारे आणि अंग ओलं करणारे जास्त वाचले, हेही दिसलं.

५७ मृतदेहांना कोणी वारस आलाच नाही. ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या उपस्थितीत शहराबाहेरच्या दफनभूमीत त्यांचं दफन झालं. त्यानंतर फ्रान्सने राष्ट्रीय योजना केली. एकट्या वृद्धांची नोंदवही प्रत्येक नगरपालिकेत ठेवली गेली. २००६ च्या लाटेत अपेक्षेपेक्षा सुमारे ४,४०० मृत्यू कमी झाल्याचं संशोधकांनी मोजलं.

२०१० : अहमदाबाद

आपल्या देशात हा धडा अहमदाबादने घेतला. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे नंतर नोंदी तपासल्यावर कळलं. उष्णतेने मेलेला माणूस कागदावर ‘हृदयविकार’ किंवा ‘वृद्धापकाळ’ म्हणून नोंदला जातो, म्हणून हे आकडे लपून राहतात. माझ्या काकांच्या कागदावर तरी दुसरं काय लिहिलं होतं?

महापालिकेच्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष वरच्या मजल्यावर होता. उन्हाळ्यात तिथल्या बाळांना ताप चढायचा. कक्ष खाली हलवला आणि हे प्रमाण घटलं. पुन्हा तीच गोष्ट, छपराखालचा मजला!

२०१३ मध्ये अहमदाबादने दक्षिण आशियातला पहिला हीट ॲक्शन प्लॅन सुरू केला. ४१, ४३ आणि ४५ अंशांच्या टप्प्यांवर पिवळा, केशरी आणि लाल इशारा, डॉक्टरांचं प्रशिक्षण, पाणपोया, छपरांना पांढरा रंग. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी हा मार्ग धरला.

तुमच्या घरासाठी या इतिहासाचा अर्थ

* घरातली सर्वांत गार खोली शोधा, शक्यतो तळमजल्याची. लाटेच्या दिवसांत आजी-आजोबा आणि बाळ यांना तिथे हलवा. पत्र्याखाली किंवा स्लॅबच्या लगेच खाली झोपवू नका. जमल्यास गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा थर द्या.
* दिवसा बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते, तेव्हा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे लावा. रात्री हवा गार झाली की उघडा. कूलर चालू असेल तेव्हा मात्र एक खिडकी उघडी हवी.
* तहान लागण्याची वाट पाहू नका. पाणी, ताक, पन्हं, ओआरएस थोडं थोडं घेत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.
* बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांची आणि सर्दी-अ‍ॅलर्जीची औषधं उष्णता सहन करण्याची ताकद कमी करतात. मनाने बंद करू नका. उन्हाळ्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.
* कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात जीव जातात. एसी आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. वायर तापून आग लागते.
* खिशात कांदा ठेवल्याने उष्माघात टळत नाही. कांदा खायला मात्र हरकत नाही.

ओळखायचं कसं, आणि पहिली दहा मिनिटं

उष्ण दिवसांत अंग खूप तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, गोंधळलाय, झोकांड्या खातोय किंवा गुंगीत आहे, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करायला लागा. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता किंवा ओल्या चादरीत गुंडाळा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल.

आणि पॅरासिटामॉल देऊन थांबू नका. साध्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेतो, तिथे ही गोळी काम करते. उष्माघातात मेंदूने तापमान वाढवलेलंच नसतं. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. तिथे गोळीचा उपयोग नाही, वेळ मात्र जातो. मी त्या दुपारी फोनवर "अंगावर पाणी ओता आणि लगेच आणा" एवढं म्हटलं असतं, तर कदाचित काका वाचले असते. कदाचित नसतेही. पण ती संधी मी त्यांना दिली नाही.

तेव्हापासून एक सवय ठेवली आहे. एप्रिल सुरू झाला की एकट्या राहणाऱ्या वृद्ध पेशंटची यादी काढतो. लाल इशाऱ्याच्या दिवशी आमच्या दवाखान्यातली सिस्टर दुपारी चारच्या सुमारास त्यांना फोन करते. "जेवलात का? पाणी प्यायलात का? खोलीत लाइट आहे का?" एवढंच विचारते. उत्तर असंबद्ध वाटलं किंवा फोन उचललाच नाही, तर शेजाऱ्याला फोन जातो.

तुमच्या जिन्यातही असं एखादं बंद दार असेल. लाटेच्या दिवसांत सकाळी आणि दुपारी तिथे एकदा थाप मारा. ताकाचा ग्लास घेऊन गेलात तर दार उघडायला संकोचही वाटणार नाही. आणि तुमचे आई-वडील गावी एकटे असतील, तर हा लेख वाचून झाल्यावर त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर तुमच्याकडे आहे ना, तेवढं आजच पाहून ठेवा.